हेड बदलताय? कॅमशाफ्ट बदलताय? आधी सांगा, बोट किती तास पळते आणि किती तास ओढते

जून लागला की मालिमपासून कुटबणपर्यंत सगळ्या जेट्टींवर एकच चित्र दिसतं. बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या, जाळी शेडमध्ये, आणि इंजिन-रूममधून पाने-हातोड्यांचा आवाज. आपली बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. कागदावर ६१ दिसतात, पण इंजिनाच्या वाट्याला त्यातले निम्मेच येतात. बोट रिकामी करण्यात काही दिवस जातात, मेस्त्रीची वाट बघण्यात काही, लेथवाल्याकडे नंबर लावण्यात काही. शेवटचा आठवडा तर रंग, कागदपत्रं आणि बर्फ-डिझेलच्या धावपळीतच संपतो.

या घाईतच मोठे निर्णय होतात. हेड फेस करून वापरायचं की दुसरं आणायचं? कॅमशाफ्ट घासून घ्यायचा की बदलायचा? आणि बदलायचाच आहे तर जरा "पॉवरवाला" बसवू या का? आज आम्ही ह्याच विषयावर लिहितोय, कारण गेल्या मोसमात आमच्याच एका सभासदाला ह्या निर्णयाचा चांगलाच फटका बसला. त्यांची परवानगी घेऊन लिहितोय, नाव मात्र देत नाही.

बोट उडाली, पण जाळं ओढेना

त्यांच्या ट्रॉलरवर सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन आहे. मे महिन्यात पाणी कमी होऊ लागलं, टाकीत बुडबुडे दिसू लागले. बंदीत हेड उतरवलं तर दोन व्हॉल्व्हच्या मधोमध क्रॅक. खाली बघितलं तर कॅमशाफ्टचे दोन लोब घासलेले. मेस्त्री अनुभवी माणूस. त्याने ओळखीतून त्याच जातीच्या, पण जास्त आरपीएमवर चालणाऱ्या ट्रकच्या इंजिनाचं सेकंड-हँड हेड आणि कॅमशाफ्ट मिळवलं. म्हणाला, "पात्रांव, ह्याचे पोर्ट मोठे, कॅम पण मोठा. बोट उडेल!"

१ ऑगस्टला बोट सुटली आणि जाताना खरंच उडाली. तांडेल खूश, मालक खूश. मग जाळं टाकलं. दोर ताणले, इंजिन १३०० आरपीएमवर आलं आणि धुराड्यातून काळा धूर सुरू झाला. थ्रॉटल वाढवला तर धूर वाढला, ओढ काही वाढली नाही. टेंपरेचरचा काटा वर. तीन ट्रिपा अशाच गेल्या. डिझेल नेहमीपेक्षा जास्त आणि माल कमी. शेवटी बोट बांधून पुन्हा इंजिन खोललं. त्यात बारा दिवस गेले, तेही ऑगस्टचे, कोळंबीचे. खलाशांचं जेवणखाण चालू, सोसायटीचा हप्ता चालू, बोट मात्र जेट्टीला.

त्या घरचा हिशेब वहिनी ठेवतात. इंजिनाबद्दल त्यांना काही कळत नाही, असं त्या स्वतःच म्हणतात. पण मेस्त्री पुन्हा आला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मेस्त्रीमामा, आमची बोट दिवसातले किती तास पळते आणि किती तास ओढते?"

सगळे गप्प. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पळते जेमतेम तीन तास, ओढते दहा तास. आणि पार्ट निवडले होते पळण्यासाठी.

आमच्या मते हेड आणि कॅमशाफ्ट निवडण्याचं सगळं शास्त्र ह्या एका प्रश्नात आहे. ते कसं, ते आता बघू.

कॅमशाफ्ट काय ठरवतो

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. हवा आत घ्यायची, दाबायची, त्यात डिझेल जाळायचं, धूर बाहेर टाकायचा. हवेसाठी दारं म्हणजे व्हॉल्व्ह. दार कधी उघडायचं, किती उघडायचं आणि कधी बंद करायचं, हे कॅमशाफ्टचे अंड्याच्या आकाराचे लोब ठरवतात.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणजे इंजिन १४०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७०० वेळा उघडतो. दहा तास जाळं ओढलं की ४ लाख २० हजार वेळा. एवढं काम करणारा लोब घासला तर नवल नाही.

आता "मोठा कॅम" म्हणजे काय? तो व्हॉल्व्ह जास्त उचलतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो. जास्त आरपीएमला हे बरं पडतं. तिथे हवेला आत यायला वेळच कमी असतो, आणि वेगात येणारी हवा पिस्टन वर निघाला तरी आपल्याच जोराने आत घुसत राहते. म्हणून इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद केला तरी चालतं.

पण कमी आरपीएमला हवेला तो जोर नसतो. व्हॉल्व्ह उघडा असतानाच पिस्टन वर येऊ लागला की आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. आत हवा कमी, डिझेल तेवढंच. न जळलेल्या डिझेलचा काळा धूर, एग्झॉस्ट तापलेला आणि ओढ नाही. त्यात डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेनेच डिझेल पेटतं. हवाच कमी दाबली गेली तर सकाळी थंड इंजिन चालू करतानासुद्धा बॅटरी दमते. आमच्या सभासदाच्या बोटीवर हे सगळंच दिसलं होतं.

हेड काय ठरवतं

हेडमध्ये हवेचे मार्ग असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पोर्ट मोठा म्हणजे हवा जास्त, असं वाटतं. पण बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब जातं, हे आपण रोज बघतो. वाट अरुंद असेल तर वेग वाढतो. इंजिन सावकाश चालत असताना पोर्ट फार मोठा असेल तर हवा मंदावते.

डिझेलमध्ये आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ इंजिनांत इनटेक पोर्टला मुद्दाम वळण दिलेलं असतं, म्हणजे हवा सिलिंडरमध्ये भोवऱ्यासारखी फिरत उतरते. त्या भोवऱ्यात नोझलचा फवारा नीट मिसळतो. पिस्टनच्या डोक्यावरची वाटी, नोझलची भोकं आणि हेडचा पोर्ट हे तिन्ही एकमेकांच्या मापाने बनवलेले असतात. एकाच कंपनीची, बाहेरून अगदी सारखी दिसणारी दोन हेडं आतून वेगळी असू शकतात. बोल्ट बसले म्हणजे हेड जुळलं असं नाही.

अमेरिकेतला धडा

हेड आणि कॅम ह्या जोडीवर जगात सगळ्यात जास्त डोकेफोड कोणी केली असेल तर ती अमेरिकेतल्या गाडीवेड्या लोकांनी. त्यांची मोठी व्ही-८ पेट्रोल इंजिनं "बिग-ब्लॉक" म्हणून ओळखली जातात. शेव्हरलेटने १९७० मध्ये आणलेलं ४५४ घनइंचाचं इंजिन त्यातलंच, म्हणजे ७.४ लिटरचं. आपल्या कित्येक ट्रॉलरांच्या इंजिनांएवढंच मोठं.

त्यांच्याकडे हेडांचे मुख्य दोन प्रकार. एक लांबट-गोल पोर्टचं, दुसरं चौकोनी आणि बरंच मोठ्या पोर्टचं. चौकोनी हेड शर्यतीत मोठ्या आरपीएमवर जिंकतं. पण रोज रस्त्यावर फिरायच्या गाडीला जाणते मेस्त्री बहुतेक वेळा लांबट-गोल पोर्टच सुचवतात, कारण सिग्नलवरून सुटताना आणि चढावर ओढ तिथेच मिळते.

कॅमचंही तसंच. तिकडे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते ०.०५० इंच उचलीपासून मोजतात. रस्त्यावरच्या मोठ्या इंजिनाला २२० अंशांच्या आसपासचा कॅम सौम्य आणि वापरायला सोयीचा मानतात. कोणी हौसेने २५० अंशांचा कॅम टाकला की आयडलवर इंजिन थरथरतं आणि इनटेकमधला व्हॅक्यूम पडतो. त्या गाड्यांचे पॉवर ब्रेक व्हॅक्यूमवर चालत असल्यामुळे ब्रेकसुद्धा जड होतात! शर्यतवाले मोठ्या कॅमबरोबर कॉम्प्रेशन वाढवतात, गिअर बदलतात, सगळी जोडणीच बदलतात. नुसता कॅम बदलणारा फसतो.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. हीच बिग-ब्लॉक इंजिनं तिकडे स्पीडबोटींतही बसवतात. बोटीत एग्झॉस्ट थंड करायला त्यात समुद्राचं पाणी सोडलेलं असतं. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एग्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असतात. कमी आरपीएमला त्या वेळात एग्झॉस्टमधली हवा उलटी ओढली जाते आणि तिच्याबरोबर पाणीसुद्धा सिलिंडरमध्ये येतं. गाडीत फार तर थरथरणारा कॅम बोटीत इंजिनच खाऊन टाकतो. म्हणून बोटीसाठीचे कॅम वेगळे असतात. इंजिन तेच, काम वेगळं, म्हणून पार्ट वेगळा.

आपल्या जेट्टीवर: हेडची तपासणी

आता परत आपल्या इंजिन-रूममध्ये येऊ. हेड उतरल्यावर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ ठिकाणी आधी फेसिंगचे पैसे जातात आणि मग क्रॅक सापडतो.

पहिली गोष्ट प्रेशर टेस्ट. हेडमधले पाण्याचे मार्ग बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. गरम पाणीच हवं, कारण काही क्रॅक हेड तापल्यावरच उघडतात. टेस्ट होत असताना मालकाने स्वतः उभं राहावं. व्हॉल्व्हच्या मधे आणि व्हॉल्व्ह-नोझलच्या मधे बारीक नजर ठेवा, क्रॅक बहुधा तिथेच जातो.

क्रॅक असेल तर काय? बीडाचं हेड थंड असतानाच वेल्ड मारलं तर पुष्कळदा शेजारी नवा क्रॅक जातो. भट्टीत तापवून वेल्ड करणारा जाणता कारागीर असेल तर वेगळी गोष्ट. नाहीतर आमचा सल्ला, दोन व्हॉल्व्हमधल्या क्रॅकवर पैसे घालू नका. जाळं पाण्यात आणि इंजिन बंद, अशी वेळ ऑगस्टच्या दर्यात यायला नको. बोटीवर आपली माणसं असतात, ओडिशा-झारखंडहून पोटासाठी आलेली पोरं असतात.

दुसरी गोष्ट सपाटी. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून लांबीत, रुंदीत आणि तिरकं असं तिन्ही बाजूंनी बघा. फेसिंग लागलंच तर शक्य तितकं कमी मारा. फेसिंग मारलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि नोझलचं टोक जास्त बाहेर येतं. व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून किती आत आहे ते मोजून सीट पुन्हा कापावी लागते, नोझलखालचा तांब्याचा वॉशर योग्य जाडीचा घालावा लागतो. हे न बघता हेड बसवलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला ठोकू शकतो.

उलट बाजूही आहे. पुन्हापुन्हा सीट घासून व्हॉल्व्ह फार आत गेले असतील तर वर जागा वाढते, कॉम्प्रेशन पडतं, सकाळी पांढरा धूर येतो. तिथे नवी सीट बसवणं हाच उपाय.

आणि क्रॅक का गेला, हे शोधल्याशिवाय नवं हेड बसवू नका. समुद्राच्या पाण्याचा पंप, त्याचा इम्पेलर, हीट एक्सचेंजरच्या तुंबलेल्या नळ्या, गंजलेले झिंक हे सगळं बघा. इंजिन तापलं म्हणून त्यात एकदम गार पाणी ओतायची सवय खलाशांना असेल तर तीही मोडा. नाहीतर नवं हेडही जुन्याच वाटेने जाईल.

कॅमशाफ्टची तपासणी

कॅमशाफ्ट बाहेर न काढताही बरंच कळतं. पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावा, इंजिन हाताने फिरवा, प्रत्येक लोबची उचल लिहून घ्या. सगळ्या इनटेकची उचल जवळजवळ सारखी यायला हवी, सगळ्या एग्झॉस्टचीही तशीच. एखादाच आकडा कमी आला तर तो लोब घासलाय. टॅपेटचं अंतर वारंवार वाढत असेल तर तीही खूण.

लोब थोडा घासला असेल तर ग्राइंडिंग करून घेता येतं. पण ग्राइंडिंगनंतर लोबचा मूळ गोल लहान होतो, टॅपेट खाली बसतो आणि तेवढी भरपाई रॉकरच्या स्क्रूने होते का ते बघावं लागतं. ग्राइंडिंगवाल्याला कंपनीचं माप द्या, "थोडा वाढवून मार" असं सांगू नका. खूप घासला असेल तर नवाच घ्या.

सपाट टॅपेट असतील तर नव्या किंवा ग्राइंड केलेल्या कॅमवर जुने टॅपेट कधीही घालू नका. जुना कॅम परत घालत असाल तर प्रत्येक टॅपेट त्याच्याच लोबवर गेला पाहिजे. काढतानाच नंबर टाका, मग घोळ होत नाही.

टर्बोवाल्या इंजिनाचा कॅम बिगर-टर्बो इंजिनात घालू नका, किंवा उलटही करू नका. टर्बोमध्ये हवा दाबाने आत येते, त्यामुळे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा वेळ वेगळ्या हिशेबाने ठरवलेला असतो. काही इंजिनांत इंजेक्टर चालवणारा लोबही त्याच कॅमशाफ्टवर असतो. तिथे चुकीचा कॅम म्हणजे डिझेल पडण्याची वेळही चुकली.

पंखा विसरू नका

"इंजिनाला जोर नाही" ही तक्रार दर वेळी हेड-कॅमची नसते. पंखा जड असेल तर चांगलं इंजिनही काळा धूर काढतं. दुरुस्तीनंतर जाळं न टाकता, भरलेल्या बोटीने फुल थ्रॉटल देऊन बघा. कंपनीने सांगितलेल्या आरपीएमपर्यंत इंजिन पोचत नसेल आणि डिझेल-हवेचे फिल्टर साफ असतील, पंखा-तळ स्वच्छ असतील, तर पंख्याची पिच तपासून घ्या.

आणखी एक हिशेब घरी लिहून ठेवा. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या तिसऱ्या घाताने वाढते. जाता-येताना आरपीएम १० टक्के कमी ठेवला तर ताकद सुमारे २७ टक्के कमी लागते. घरी पोचायला थोडा उशीर होतो, पण मोठ्या कॅमने जे मिळत नाही ते इथे फुकट मिळतं.

मेस्त्रीला विचारायचे पाच प्रश्न

१. हे हेड आणि हा कॅम कुठल्या मॉडेलच्या इंजिनाचा? ट्रक, जनरेटर की मरीन? आमच्या इंजिन नंबरशी पार्ट नंबर जुळतो का?

२. माझं इंजिन जाळं ओढताना ज्या आरपीएमवर असतं, तिथे हा पार्ट कसा चालेल?

३. प्रेशर टेस्ट फेसिंगच्या आधी झाली का? मी हजर राहू का?

४. फेसिंगनंतर व्हॉल्व्हची खोली आणि नोझलचं टोक मोजलं का? आकडे वहीत लिहून द्या.

५. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळणार ना? आणि इंजिन चालवून पुन्हा आवळायचे असतील तर मॅन्युअल काय सांगतं?

असे प्रश्न विचारले म्हणून चांगला मेस्त्री रागावत नाही. आमच्या सभासदाचा मेस्त्री रागावला नाही. त्याने स्वतःच मोठा कॅम काढला, जुना कॅम कंपनीच्या मापाने ग्राइंड करून आणला, नवे टॅपेट घातले आणि मूळ पार्ट नंबरचं हेड बसवलं. नारळी पौर्णिमेनंतर बोट पुन्हा गेली. जाताना आता कोणाच्या पुढे पळत नाही. पण जाळं टाकलं की धुराड्यातून येणारा धूर जेमतेम दिसतो, आणि वहिनींच्या वहीत डिझेलचा आकडा पुन्हा जुन्या जागी आलाय.

यंदा तुमचं इंजिन खोललेलं असेल तर ही पोस्ट आपल्या तांडेलाला आणि मेस्त्रीलाही वाचून दाखवा. आणि पार्ट विकत घेण्याआधी घरच्या माणसांसमोर बसून तेवढं एक उत्तर वहीत लिहा. बोट किती तास पळते आणि किती तास ओढते?